पोर्शे ९११ : मागील चाकांच्या दिशाकोनाचा प्रश्न

मोटरगाडीची निलंबन-व्यवस्था कशासाठी असते, असा प्रश्न केल्यास ‘रस्त्यावरील खाचखळग्यांचे धक्के प्रवाशांस बसू नयेत म्हणून’ असे उत्तर बहुधा मिळते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. स्प्रिंग आणि धक्काशोषक डोळ्यांना दिसतात, म्हणून लक्ष त्यांच्याकडे जाते. त्याच व्यवस्थेचे दुसरे कार्य अधिक सूक्ष्म होय. चाक वर-खाली होत असता, गाडी एका अंगास झुकत असता अथवा ब्रेक लागत असता चाकाचे तोंड नेमके कोणत्या दिशेस राहील, हे याच व्यवस्थेमुळे ठरते. येथे ज्या कोनांचा संबंध येतो ते अंशाच्या अपूर्णांकांत मोजावे लागतात. आणि वेगवान क्रीडा-मोटरीच्या, म्हणजे ‘स्पोर्ट्‌स कार’च्या बाबतीत, त्या अपूर्णांकांवर प्रसंगी चालकाचा जीव अवलंबून असतो.

या विषयाच्या अभ्यासास पोर्शे ९११ या जर्मन गाडीइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली. तेव्हापासून तिच्या रस्त्यावरील जवळजवळ सर्व आवृत्त्यांत एंजिन मागील आसाच्याही मागे टांगलेले राहिले आहे. एंजिन थंड करण्याची पद्धत बदलली, स्प्रिंगांचा प्रकार बदलला, आसांतर वाढले, गाडी रुंद झाली. पण एंजिन हलले नाही. त्यामुळे एकच मूळ अडचण आणि तिच्यावर लागोपाठ योजलेले उपाय असा जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखा क्रम येथे पाहावयास मिळतो.

उपायांकडे वळण्यापूर्वी अडचण स्पष्ट केली पाहिजे. वळणावर गाडीला केंद्राकडे खेचणारे बल टायरच देतात. असे पार्श्वबल देताना टायर आपल्या तोंडाच्या दिशेने सरळ जात नाही. ज्या दिशेस त्याचे तोंड असते आणि ज्या दिशेस तो प्रत्यक्ष सरकतो, त्या दोहोंत लहानसा कोन पडतो. यास सर्पण-कोन म्हणावे. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए याने १९२५ साली ही कल्पना मांडली. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली याने तिच्या आधारे गाडीच्या वळणाच्या वर्तनाचे वर्गीकरण केले. पुढील टायरांचा सर्पण-कोन मागील टायरांपेक्षा अधिक असेल तर गाडी चालकाच्या अपेक्षेहून कमी वळते. हे ऊनवलन, इंग्रजी परिभाषेतील ‘अंडरस्टिअर’. मागील टायरांचा कोन अधिक असेल तर गाडी अपेक्षेहून जास्त वळते. हे अतिवलन, म्हणजे ‘ओव्हरस्टिअर’. १९५६ साली कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीतील मिलिकन, सेगेल आणि व्हिटकॉम्ब यांनी विमानाच्या स्थैर्याचे गणित मोटरगाडीस लावले, आणि तोवर चालकांच्या अनुभवाचा असलेला हा विषय समीकरणांत बसला.

त्या गणितातील एक निष्कर्ष येथे फार उपयोगी पडतो. अतिवलनी गाडीला एक सीमावेग असतो. त्याच्या वर ती मूलतःच अस्थिर असते. लहानसा धक्काही तिला फिरवू लागतो आणि चालकाने सतत दुरुस्ती केली नाही तर फिरणे वाढतच जाते. या सीमावेगाचा वर्ग आसांतराच्या सम प्रमाणात आणि अतिवलनाच्या गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. केवळ उदाहरणादाखल, गुरुत्वीय प्रवेगाइतक्या पार्श्वप्रवेगामागे अर्धा अंश एवढे अतिवलन आणि २.२११ मीटर आसांतर धरल्यास सीमावेग ताशी सुमारे १७९ किलोमीटर येतो. अतिवलन एक अंश झाले तर तो ताशी १२७ किलोमीटरवर उतरतो. पहिला वेग जर्मनीच्या मोटर-महामार्गावर नित्याचा, दुसरा तर किरकोळच. आसांतर मात्र एकदम २.४५ मीटर केले तरी पहिल्या उदाहरणातील सीमावेग १७९ वरून १८९ पर्यंतच चढतो. म्हणजे खरी किल्ली गाडीच्या लांबीत नाही. मागील टायरांचा सर्पण-कोन किती राहतो, यात ती आहे.

एंजिन मागे असले की गाडी अतिवलनी होणारच, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो पुरता बरोबर नाही. टायरचे पार्श्वबल त्यावरील भाराच्या थेट प्रमाणात वाढत असते, तर गुरुत्वमध्य कोठेही असला तरी पुढचे आणि मागचे सर्पण-कोन समानच राहिले असते. जेथे भार अधिक तेथे पकडही त्याच मानाने अधिक मिळाली असती. प्रत्यक्षात तसे होत नाही. भार दुप्पट केला तर पार्श्वबल दुपटीपेक्षा कमी वाढते. समजा, ३०० किलोग्रॅम भाराचा टायर एका ठरावीक सर्पण-कोनास २५० एकके बल देतो; ४५० किलोग्रॅमला तो ३३० आणि १५० किलोग्रॅमला १४० देतो. एकाच आसावरील दोन चाकांवर तीनतीनशे किलोग्रॅम असताना बेरीज ५०० होती. वळणावर आतील चाकाचा निम्मा भार बाहेरील चाकावर गेला की ती ४७० वर येते. म्हणून ज्या आसावर मुळातच भार अधिक आणि वळणावर भाराचे स्थानांतर अधिक, तो आस अधिक सर्पण-कोन मागतो. पोर्शेच्या बाबतीत तो आस मागचा.

हे झाले स्थिर वळणाचे. प्राणघातक ठरते ती अवस्था निराळी. चालक वळणात वेगाने शिरतो. वळण अपेक्षेहून तीव्र निघते. आणि भीतीने तो अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलतो. बहुतेक गाड्यांत ही सहजप्रवृत्ती निभावून जाते. जुन्या ९११ मध्ये त्या एका क्षणात तीन गोष्टी एकदम घडतात. वेग कमी होऊ लागताच भार पुढे सरकतो. पुढील टायरांची पकड वाढते, मागील टायरांची घटते. एंजिनाचा रोध फक्त मागील चाकांवर पडत असल्याने त्यांच्या पकडीचा काही भाग त्यात खर्ची पडतो आणि पार्श्वबलासाठी उरणारा हिस्सा आणखी कमी होतो. तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मागील चाक ज्या भुजेवर बसविलेले असते तिच्या सांध्यांत रबरी बुश असतात. चाक मागे ओढले गेले की ते बुश दबतात, भुजा किंचित फिरते आणि बाहेरील चाकाचे तोंड बाहेरच्या दिशेस वळते. तोंड बाहेर वळणे म्हणजे सर्पण-कोन कमी होणे. तो चार अंश असताना अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी त्या चाकाचे पार्श्वबल सुमारे एक-अष्टमांशाने घटते. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. मागे टांगलेल्या एंजिनामुळे उभ्या अक्षाभोवतीचे निरूढी-परिबल मोठे असते, म्हणून एकदा सुरू झालेले फिरणे थांबविणेही कठीण जाते.

असे असता एंजिन मागे ठेवण्याचा अट्टाहास का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्यास केवळ परंपरा हे उत्तर नाही. चालक चाकांवर भार असल्याने वळणातून बाहेर पडताना गाडी जोराने वेग घेते. ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकला तरी मागील चाकांवर पुरेसा भार उरतो आणि चारही ब्रेक कामी येतात. शिवाय आसांच्या मधली जागा मोकळी राहून मागे दोन लहान आसने बसतात. या आसनांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

याच कारखान्याच्या आधीच्या ३५६ या गाडीत मागे झुलते अर्ध-आस होते. त्यात गाडीचा मागचा भाग उचलला गेला की चाके खालून आत दुमडत आणि पकड अकस्मात सुटे. अमेरिकेतील शेव्हरोले कोर्व्हेर या मागे एंजिन असलेल्या गाडीच्या पहिल्या आवृत्त्यांतही झुलते अर्ध-आस होते. त्यावरून राल्फ नेडर यांनी १९६५ साली उठविलेले वादळ प्रसिद्धच आहे. ९११ मध्ये ती रचना प्रारंभापासूनच टाकून दिली होती. तिच्या मागील चाकांना तिरक्या अक्षाभोवती फिरणाऱ्या अनुगामी भुजा आणि स्प्रिंगच्या जागी पिळाचे दांडे दिले गेले. पुढेही पिळाचेच दांडे होते. त्यामुळे पुढच्या सामानाच्या कप्प्यात उभ्या स्प्रिंगांची अडचण झाली नाही. १९६३ सालच्या मानाने ही रचना पुढारलेली होती. तरीही गाडी वळणावर चंचल निघाली.

पहिला उपाय अभियंत्यांना फारसा अभिमान वाटावा असा नव्हता. पुढील बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी सुमारे अकरा किलोग्रॅमची बिडाची वजने बसविण्यात आली. हलकी गाडी बांधण्याची कीर्ती असलेल्या कारखान्याने मुद्दाम बिडाचे ओझे वाहावे, हे विचित्र दिसते. यांत्रिकीच्या दृष्टीने ते निरर्थक नव्हते. वजन पुढील टोकास ठेवल्याने थोड्या वस्तुमानातही गुरुत्वमध्य पुढे सरकतो. मात्र तेच वजन टोकाशी असल्याने निरूढी-परिबल आणखी वाढते. एक दोष झाकताना दुसरा वाढविणारा असा हा उपाय होता आणि तो फार काळ टिकला नाही, हे योग्यच झाले.

खरा बदल १९६९ च्या श्रेणीत, म्हणजे १९६८ च्या उत्तरार्धात झाला. एंजिन आहे तेथेच ठेवून मागील चाके ५७ मिलिमीटर मागे नेण्यात आली. आसांतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर झाले. बिडाच्या वजनांऐवजी एकाच्या जागी दोन लहान बॅटऱ्या पुढील दोन कोपऱ्यांत विभागून ठेवल्या. म्हणजे जे ओझे एरवीही वाहावेच लागते, तेच कामास लावले. चाकांच्या स्थानांतराचा हिशेब विद्यार्थ्यांस सहज करता येईल. मागील चाकांवर पूर्वी ५८.५ टक्के भार धरला तर गुरुत्वमध्य पुढील आसापासून १.२९३ मीटरवर येतो. गाडीचे बाकीचे अंग हललेले नाही असे समजून हेच अंतर नव्या आसांतराने भागले की ५७ टक्के मिळतात. दीड टक्क्याचा हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पाय उचलल्यावर पुढे सरकणाऱ्या भारात पडणारा फरक तर त्याहून क्षुल्लक आहे. एक हजार किलोग्रॅमची गाडी, अर्धा मीटर उंचीवरील गुरुत्वमध्य आणि गुरुत्वीय प्रवेगाच्या तीन-दशांश मंदन धरल्यास तो ६८ किलोग्रॅमवरून ६६ वर येतो, इतकेच. तरी चालकांना फरक जाणवला, कारण सर्पण-कोनांची पुढची व मागची वजाबाकी मुळातच लहान असते; तीत दशांशाची भर पडली तरी तिचे चिन्ह बदलू शकते.

यानंतर टायरांची पाळी आली. १९७२ साली मांडलेल्या कारेरा आरएस २.७ या आवृत्तीत पुढील चाके सहा इंच आणि मागील सात इंच रुंद होती. जो आस अधिक बल मागतो त्यास अधिक टायर द्यावा, हे इतके उघड आहे की ते आधी का सुचले नाही याचे नवल वाटते. चारही चाके सारखी असावीत आणि एकच जादा चाक चारही ठिकाणी चालावे, ही सोय सोडणे बहुधा जड गेले असावे. याच गाडीच्या मागील झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा होता. जोराच्या वेगात मागील चाकांवरील भार हवेमुळे कमी होतो, ते त्याने काही अंशी आवरले. पुढील झुकावरोधक दांडा जाड करणे हाही त्याच कुळातला उपाय. त्यामुळे वळणावरील भाराचे स्थानांतर पुढील आसाकडे अधिक जाते, पुढची एकूण पकड थोडी घटते आणि गाडी ऊनवलनाकडे झुकते. मात्र या उपायात पुढच्या आसाला जाणूनबुजून अधू केले जाते. मागचा आस त्याने सुधारत नाही.

ते साधले नाही तोवर पाय उचलण्याचा धोका उरलाच. १९७५ च्या श्रेणीत आलेल्या टर्बो आवृत्तीने तर तो वाढविला. त्या काळच्या टर्बो एंजिनांत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर शक्ती काहीशा विलंबाने आणि एकदम येई. ती वळणाच्या मध्यावर आली की चालक दचकून पाय उचली, आणि पुढचा प्रकार वर सांगितलाच आहे.

प्रश्नाच्या मुळाशी जाणारे काम ९११ साठी झाले नाही, ही या इतिहासातील गमतीची गोष्ट होय. १९७७ साली पोर्शेने ९२८ ही पुढे एंजिन असलेली मोठी गाडी काढली. तिच्या मागील निलंबन-व्यवस्थेला कारखान्याच्या संशोधन-केंद्राच्या गावावरून ‘वाइसाख आस’ हे नाव मिळाले. तिची कल्पना थोडक्यात अशी : बुश दबणारच, तेव्हा ते दबणे थांबविण्याचा खटाटोप करू नये, त्याची दिशा आपल्या सोयीची करावी. खालच्या भुजेचा पुढचा आधार एका आखूड दुव्यावर दिला गेला. चाक मागे ओढले गेले की तो दुवा झुलतो आणि बाहेरील चाकाचे तोंड बाहेर वळण्याऐवजी किंचित आत वळते. आत वळणे म्हणजे सर्पण-कोन वाढणे, म्हणजे अधिक पार्श्वबल. ज्या क्षणी मागील टायरांची पकड घटते नेमक्या त्याच क्षणी चाक स्वतःहून तिची भरपाई करते. यात ना विद्युत्‌ यंत्रणा, ना तेलाचा दाब. केवळ सांध्यांची भूमिती. प्रस्तुत विषयातील सर्व उपायांत बौद्धिक दृष्ट्या सर्वांत समाधान देणारा उपाय हाच म्हणावा लागेल.

९११ पर्यंत तो पोहोचण्यास मात्र बराच काळ गेला. १९८९ च्या सुमारास आलेल्या ९६४ या मालिकेत पिळाचे दांडे जाऊन वेटोळ्या स्प्रिंगा आल्या. स्टिअरिंगला शक्तीचे साहाय्य आणि चाके न अडकू देणारे ब्रेक आले. चारही चाकांना शक्ती देणारी आवृत्तीही निघाली. मागील अनुगामी भुजा तेवढ्या राहिल्या. १९९३ साली ९९३ या मालिकेत त्या अखेर गेल्या आणि प्रत्येक मागील चाकाला अनेक दुव्यांची, हलक्या उप-चौकटीवर बसविलेली रचना मिळाली. ३५६ आणि ९११ या दोहोंच्या चालकांना पिढ्यान्‌पिढ्या दिलेला ‘वळणात पाय उचलू नका’ हा इशारा यानंतर पुष्कळसा अनावश्यक झाला. बिडाच्या वजनापासून येथवर यायला जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि यांपैकी निर्णायक भाग चाकाच्या अर्ध्याएक अंशाच्या फिरण्याचा होता.

पुढील टप्पा या फिरण्यास हेतुपुरस्सर करण्याचा. २०११ च्या ९९१ मालिकेत आसांतर शंभर मिलिमीटरने वाढून २४५० झाले. स्थैर्यास ते पोषक, पण लहान वळणांत चपळपणा कमी करणारे. २०१३ साली जीटी३ या आवृत्तीत मागील चाके विद्युत्‌चलित साधनाने दीड अंशापर्यंत वळविण्याची योजना आली. ताशी ५० किलोमीटरच्या खाली ती पुढील चाकांच्या उलट दिशेस वळतात, ८० च्या वर त्याच दिशेस. मंद वेगाचा हिशेब निव्वळ भूमितीचा आहे. पुढील चाके पाच अंश आणि मागील उलट दीड अंश वळली, तर गाडी जणू १.८८ मीटर आसांतराची असल्याप्रमाणे वळते. जुन्या आखूड ९११ पेक्षाही आखूड!

जोराच्या वेगातील लाभ निराळ्या जातीचा आहे. साध्या गाडीत चालकाने स्टिअरिंग फिरविले की प्रथम पुढील टायर बल देतात. त्याने गाडी उभ्या अक्षाभोवती फिरू लागते. तसे फिरल्यानंतरच मागील टायरांना सर्पण-कोन मिळतो आणि ते बल देऊ लागतात. एंजिन मागे असल्यामुळे हे फिरणे सुरू होण्यास आणि थांबण्यास दोन्हीकडे विलंब. मागील चाके त्याच दिशेस वळविली की त्यांचा सर्पण-कोन जवळजवळ लगेच निर्माण होतो. गाडीने आधी फिरावे आणि मग मागच्या टायरांनी तिला सावरावे, ही वाट पाहावी लागत नाही. वाइसाखचा दुवा पकड घटल्यानंतर भरपाई करीत होता. येथे ती आधीच करून ठेवली जाते.

याची किंमत नाही असे नव्हे. साधन, त्याचे नियंत्रण आणि वाढलेले वजन हे तर आहेच. ९९१ मध्ये स्टिअरिंगचे साहाय्यही तेलाच्या दाबाऐवजी विजेचे झाले, आणि टायर पकड सोडू लागल्याची जी सूचना पूर्वी चालकाच्या हातांना मिळे ती पुसट झाल्याची तक्रार पुष्कळ जाणकारांनी केली. तक्रारीत तथ्य आहे. मात्र ज्या जुन्या गाड्यांची बोलकी स्टिअरिंगे वाखाणली जातात, त्यांच्या चालकांना ते बोलणे ऐकण्याची निकडही अधिक होती, हे विसरता येत नाही.

मागचा आस इतका निर्धोक झाल्यावर उणीव पुढे दिसू लागली. प्रारंभापासून पुढील चाके मॅकफर्सन पद्धतीच्या खांबावर होती. तो खांब धक्काशोषकाचे काम करतोच, शिवाय पार्श्वबलाचा वाकवणारा परिणामही सोसतो; त्यामुळे दांड्यात घर्षण वाढते आणि लहान खाचांवर तो क्षणभर अडकतो. २०२१ च्या ९९२ मालिकेतील जीटी३ मध्ये पुढे दुहेरी विशबोन भुजा आल्या. रस्त्यावरील ९११ ला त्या प्रथमच मिळाल्या. पार्श्वबल आता भुजा घेतात, धक्काशोषक फक्त वर-खाली होण्यापुरता मोकळा राहतो आणि गाडी झुकली तरी टायरचा तळ रस्त्याशी अधिक सपाट टेकतो. पूर्वी पुढच्या आसाला अधू करून मागच्याशी जुळवून घ्यावे लागे. आता मागच्याला पेलवते म्हणून पुढच्याला बळकट करता आले.

ही रचना शर्यतीच्या ९११ आरएसआरवरून घेतलेली आहे. त्या गाडीचा दुसरा बदल मात्र रस्त्यावर आला नाही. २०१७ च्या हंगामासाठी बांधलेल्या आरएसआरमध्ये कारखान्याने एंजिन मागील आसाच्या पुढे नेले. मागे हवेच्या प्रवाहासाठी मोठा विसारक बसविण्यास त्यामुळे जागा झाली आणि टायरांची झीजही अधिक समतोल राहू लागली. रस्त्यावरील गाडीत त्या जागी मागील दोन लहान आसने असतात.